चौरस हा आयत असतो का?

परवा शनिवारी ताईकडे गेलो होतो. चपला काढून पोह्यांची बशी हातात घेतो न घेतो तोच भाचीने माझ्यासमोर घटक चाचणीचा पेपर आपटला. "मामा, तुझ्यामुळे माझा एक मार्क गेला."

भाची पाचवीत आहे. प्रश्न अगदी साधा होता: खालील आकृत्यांपैकी आयत रंगवा. खाली सहा आकृत्या. दोन लांबट आयत, एक चौरस, एक शंकरपाळी, एक त्रिकोण, एक वर्तुळ. बाईसाहेबांनी दोन आयत रंगवले होते आणि चौरसही रंगवला होता. चौरसाभोवती लाल पेनाने गोल, शेजारी लिहिलेलं: "हा चौरस आहे."

आता यात मामाचा संबंध काय? तर दिवाळीच्या सुट्टीत मीच तिला मोठ्या थाटात सांगितलं होतं की प्रत्येक चौरस हा आयतच असतो. तेव्हा तिने "का?" असं विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं, "कारण व्याख्याच तशी आहे." चार वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या माणसाचं हे उत्तर. असो.

पहिली प्रतिक्रिया अर्थातच चिडण्याची. टीचरना पाठवायला एक लांबलचक मेसेजही मी मोबाइलवर टाइप केला. भावोजी म्हणाले, "अरे, पाचवीची चाचणी आहे. सुप्रीम कोर्टात नेऊ नकोस." पण खरं टोचलं ते भाचीचं पुढचं वाक्य. ती म्हणाली, "मला आता कुठलाच आकार ओळखता येत नाही. तुझं वेगळं असतं, टीचरचं वेगळं असतं."

मेसेज तसाच ठेवला. म्हटलं आधी नीट पुरावा गोळा करू, मग बघू. शनिवारची रात्र आणि रविवारचा अर्धा दिवस त्यात गेला. मला वाटलं होतं की दहा मिनिटांत टीचरना चूक ठरवणारा सज्जड पुरावा हाताला लागेल. लागलं ते भलतंच!

सुरुवात अर्थातच युक्लिडपासून केली. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास त्याने 'एलिमेंट्स' हा ग्रंथ लिहिला आणि पुढे दोन हजार वर्षं जगभर भूमिती त्याच्याच साच्यात शिकवली गेली. म्हणजे हे आमचं हायकोर्ट. पहिल्या खंडातली बावीसावी व्याख्या चौकोनांची आहे. युक्लिड म्हणतो: चारही बाजू समान आणि सगळे कोन काटकोन असतील तर तो चौरस. कोन काटकोन, पण बाजू समान नाहीत, तो आयत. बाजू समान, पण कोन काटकोन नाहीत, तो समभुज चौकोन. समोरासमोरच्या बाजू आणि कोन समान, पण ना सगळ्या बाजू समान ना कोन काटकोन, तो चौथा प्रकार. बाकी उरलेले सगळे एका पोत्यात.

यातला 'पण' महत्त्वाचा. युक्लिडच्या व्याख्येनुसार चौरस हा आयत नाहीच! आयत व्हायचं तर बाजू असमानच हव्यात. म्हणजे ज्या टीचरना मी अडाणी ठरवायला निघालो होतो त्यांच्या बाजूने साक्षात युक्लिड उभा. मी गप्प.

पण थोडं पुढे वाचल्यावर गंमत सुरू होते. ही सगळी नावं ठेवून झाल्यावर युक्लिड ती बहुतेक बाजूलाच टाकतो. पुढच्या सिद्धांतांत तो वापरतो तो शब्द म्हणजे समांतरभुज चौकोन, ज्याची त्याने व्याख्याच कुठे दिलेली नाही. पहिल्या खंडातल्या ३४ व्या प्रमेयात तो सिद्ध करतो की समांतरभुज चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू आणि कोन समान असतात. आणि ४६ व्या प्रमेयात एका रेषेवर चौरस काढताना हाच महाभाग म्हणतो की ही आकृती समांतरभुज आहे, म्हणून हिच्या समोरासमोरच्या बाजू समान. म्हणजे नावं ठेवताना चौरस वेगळा, आणि काम करायची वेळ आली की चौरस समांतरभुजांच्या कुटुंबातला!

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. एक गोष्ट एकदा सिद्ध करायची आणि ती खालच्या सगळ्या प्रकारांनी वारशाने घ्यायची. समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात हे एकदा सिद्ध केलं की आयत, समभुज, चौरस यांच्यासाठी ते पुन्हा सिद्ध करावं लागत नाही. वेगवेगळ्या पोत्यांची पद्धत ठेवली तर तोच कोड चार ठिकाणी कॉपी-पेस्ट. आजच्या गणिताने वारशाची पद्धत स्वीकारली ती याच सोयीसाठी. देवाने वरून सांगितलं म्हणून नाही.

मग आपल्याकडे काय होतं ते शोधायला लागलो. (रविवारी सकाळी ताईने दुसऱ्यांदा चहा दिला तो इथे.)

सगळ्यात जुनी आपली भूमिती शुल्बसूत्रांची. यज्ञाच्या वेदी बांधायच्या, त्यासाठी दोऱ्या आणि खुंट्या. बौधायनाच्या शुल्बसूत्रात समद्विभुज त्रिकोणाला 'प्रउग' म्हणतात. प्रउग म्हणजे गाडीच्या दांड्यांचा पुढचा निमुळता भाग. आणि समभुज चौकोन? 'उभयतः प्रउग', म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रउग. दोन त्रिकोण पाठीला पाठ लावून ठेवले की झाली शंकरपाळी. इथे आकार ओळखायचा तो रोजच्या बघण्यातल्या वस्तूवरून. माझ्या भाचीचं यांच्याशी छान जमलं असतं.

त्यानंतर ब्रह्मगुप्त, इसवी सन ६२८. त्याने चौकोनांचे पाच प्रकार केले: सम, आयत, द्विसम, त्रिसम आणि विषम. म्हणजे मुख्यतः किती बाजू समान आहेत ते मोजायचं. तीन बाजू समान असलेल्या चौकोनाला स्वतंत्र नाव! आपल्या शाळेच्या पुस्तकात असा प्रकारच नाही. उलट या पाचांत शंकरपाळी नाही. हे असं का? ब्रह्मगुप्ताचं चौकोनाच्या क्षेत्रफळाचं जे प्रसिद्ध सूत्र आहे ते फक्त चार बाजूंवरून क्षेत्रफळ देतं, आणि ते बरोबर येतं ते चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर असतील तेव्हाच. आजचे अभ्यासक म्हणतात की त्याच्या डोळ्यासमोर असेच चौकोन होते. तिरकी शंकरपाळी वर्तुळात बसत नाही, चारही कोपरे एकदम टेकतच नाहीत. म्हणून ती यादीत नाही. ज्याला जे काम करायचं होतं त्याने त्या कामाची वर्गवारी केली.

पण ही वर्तुळाची अट ब्रह्मगुप्ताने सूत्राशेजारी स्पष्ट लिहून ठेवली नाही. डॉक्युमेंटेशन नसलेला कोड! पुढच्या लोकांनी ते सूत्र कुठल्याही चौकोनाला लावलं तर उत्तर चुकणारच. सुमारे पाचशे वर्षांनी यावर कडाडून बोट ठेवलं ते आपल्या भास्कराचार्यांनी.

'लीलावती' ११५० ची. आपल्यापैकी बहुतेकांना ती भुंगे, कमळं आणि मोत्यांच्या हारांच्या उदाहरणांमुळे ठाऊक असते. पण चौकोनांच्या प्रकरणात भास्कराचार्य चक्क रागावलेले आहेत. त्यांचं म्हणणं असं: नुसत्या चार बाजू दिल्या तर चौकोन ठरतच नाही. त्याच बाजू ठेवून चौकोन दाबता येतो, कर्ण बदलतात आणि क्षेत्रफळही बदलतं. तेव्हा लंब किंवा कर्ण न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो अशा प्रश्नाचं उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच! हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. अपुऱ्या रिक्वायरमेंटवर एस्टिमेट मागणारा क्लायंट आणि ते देणारा मॅनेजर, दोघांची सोय आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीच लागलेली आहे :-)

नुसतं रागावून ते थांबत नाहीत, उदाहरण देतात. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या. एक कर्ण ३० ठेवलात तर दुसरा येतो ४० आणि क्षेत्रफळ ६००. एक कर्ण १४ ठेवलात तर दुसरा ४८ आणि क्षेत्रफळ ३३६. आणि दोन्ही कर्ण सारखे ठेवलेत तर तो होतो चौरस, क्षेत्रफळ ६२५. बाजू त्याच, आकृत्या तीन. चौरस हा इथे वेगळ्या जातीचा कुणी नाही, त्याच सांगाड्याची एक अवस्था आहे.

आणखी एक गोष्ट सापडली जी मला शाळेत कुणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. 'समलंब चौकोन' या नावात समांतर हा शब्दच नाही, लंब आहे. का? तर लीलावतीत असा चौकोन 'समानलंब' म्हणून येतो. खालची बाजू म्हणजे भूमी, वरची म्हणजे मुख. मुखाच्या दोन टोकांपासून भूमीवर दोन लंब टाका, ते सारखे आले की झाला समानलंब. समांतर रेषा म्हणजे कधीच न भेटणाऱ्या रेषा हा ग्रीक विचार. आपल्याकडे गवंडी ओळंबा सोडून बघेल तसं बघणं. दोन्ही वाटा एकाच आकृतीपाशी पोचतात. युक्लिड संस्कृतात आला तो पुढे अठराव्या शतकात, जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अरबीवरून 'रेखागणित' केलं तेव्हा. आठवीच्या पुस्तकात समांतरभुज आणि समलंब शेजारी शेजारी बसलेले असतात आणि आपण दोन्ही एका दमात पाठ करतो.

याच आकृतीवरून इंग्रजीत तर गोंधळच झाला. प्राचीन काळी प्रोक्लसने एक जोडी समांतर असलेल्या चौकोनाला ट्रॅपेझियम आणि एकही समांतर नसलेल्याला ट्रॅपेझॉइड म्हटलं होतं. १७९५ साली चार्ल्स हटनच्या गणितकोशात ही दोन नावं नेमकी उलटी छापली गेली. ब्रिटिशांनी पुढे ती पुन्हा सरळ केली, अमेरिकेने उलटीच ठेवली. म्हणून आजही लंडनमधला ट्रॅपेझियम न्यूयॉर्कमध्ये ट्रॅपेझॉइड असतो. आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत समलंबाची व्याख्या सहसा "एकच जोडी समांतर" अशी असते, म्हणजे समांतरभुज त्यातून बाहेर. चौरसाला आयतात घ्यायचं, पण समांतरभुजाला समलंबात घ्यायचं नाही. एकाच पुस्तकात दोन धोरणं! तेव्हा "व्याख्याच तशी आहे" हे माझं उत्तर किती पोकळ होतं ते एव्हाना माझ्या लक्षात यायला लागलं होतं.

पण खरा धडा अजून बाकी होता, आणि तो आला हॉलंडमधून.

पिएर व्हान हिले आणि दीना व्हान हिले-गेल्डॉफ हे एक जोडपं. दोघंही शाळेत गणित शिकवायची. दोघांना सतत एकच अनुभव: आपण समजावतोय, मुलं ऐकतायत, आणि तरी काहीच पोचत नाही. मग एक दिवस अचानक पोचतं, आणि मुलं म्हणतात, "हे एवढं सोपं होतं तर आधी अवघड करून का सांगत होता?" १९५७ साली दोघांनी उट्रेख्त विद्यापीठात आपापले प्रबंध सादर केले. दीनाने बारा वर्षांच्या आसपासच्या मुलांना फरशांची नक्षी हाताळायला देऊन तिथून भूमिती कशी वर येते ते टिपलं होतं. प्रबंधानंतर थोड्याच काळात ती वारली, आणि पुढे हा विचार पिएरने मांडत नेला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मूल आधी आकार अख्खा बघतं. दारासारखा दिसतो म्हणून आयत. चौरस जरा तिरका फिरवला की त्याची शंकरपाळी होते. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर ते गुणधर्म बघतं: कोन किती, बाजू किती, कुठल्या समान. पण प्रत्येक आकाराची यादी सुटी असते, एकीचा दुसरीशी संबंध नसतो. तिसऱ्या पायरीवर याद्या एकमेकींत गुंततात, आणि तेव्हाच "चौरस हा आयत आहे" या वाक्याला अर्थ येतो. त्याच्याही वर सिद्धतेच्या पायऱ्या आहेत. आणि मुख्य गोष्ट म्हणजे वय वाढलं म्हणून मूल आपोआप वर चढत नाही, तसं शिकवल्याने, हाताळायला दिल्याने चढतं. दोन वेगळ्या पायऱ्यांवरची माणसं तेच शब्द वापरतात, पण त्यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही.

हे वाचलं आणि दिवाळीतला प्रसंग डोळ्यासमोर आला. मी तिसऱ्या पायरीवरून ओरडत होतो, ती पहिलीवर उभी राहून ऐकत होती. तिने ते वाक्य समजून घेतलं नव्हतं, माझ्यावर विश्वास ठेवून पाठ केलं होतं. आणि मार्क गेल्यावर तो विश्वासही गेला. चाचणीतला एक मार्क ही फार छोटी गोष्ट होती. मोठी गोष्ट ही की आकार म्हणजे मोठ्या माणसांच्या मर्जीवर चालणारा प्रकार आहे असं तिला वाटायला लागलं होतं.

आणि गंमत बघा, माझ्या स्वतःच्या धंद्यात हा प्रश्न मला पुरेपूर माहीत होता! इंटरव्ह्यूमध्ये हमखास विचारतात: रेक्टँगल क्लासपासून स्क्वेअर क्लास डिराइव्ह करावा का? रॉबर्ट मार्टिन यांच्या १९९६ च्या लेखापासून हे उदाहरण प्रसिद्ध आहे, आणि त्यामागचं तत्त्व बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेलं. आयताची रुंदी ५ करा, उंची ४ करा, क्षेत्रफळ २० यायला हवं. पण चौरसात उंची ४ केली की रुंदीही ४ होते आणि उत्तर येतं १६. टेस्ट फेल. म्हणजे कागदावरचा चौरस आयत आहे, पण बाजू स्वतंत्रपणे बदलता येणारा आयत हवा असेल तर चौरस त्या जागी चालत नाही. मी स्वतः इंटरव्ह्यूमध्ये समोरच्याला ऐटीत सांगतो की "हे तुम्ही आयत कशाला म्हणता त्यावर अवलंबून आहे". आणि पाचवीतल्या पोरीला मात्र "व्याख्याच तशी आहे"!

रविवारी दुपारी कात्री घेऊन बसलो. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या कापल्या, भोकापासून भोकापर्यंत बरोबर २५ सेंटीमीटर, आणि कोपऱ्यांना दोऱ्याच्या गाठी मारल्या. सांगाडा भाचीच्या हातात दिला आणि (फार कष्टाने) गप्प बसलो.

तिने तो ढकलला, दाबला, जवळजवळ सपाट केला. "मामा, बाजू तेवढ्याच आहेत, मग आतली जागा कुठे गेली?" भास्कराचार्यांनी तिला लगेच शिष्य करून घेतलं असतं. चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तिथला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख प्रसिद्ध आहे. तिथली मुलंही असंच काहीतरी हातात घेऊन बसत असतील का, असा विचार मनात येऊन गेला. मग तिला एक कर्ण ३० वर धरायला सांगितला आणि दुसरा मोजायला सांगितला. पुठ्ठा आणि गाठी धरून ३९ आणि ४० च्या मध्ये आला. ठीक आहे, चालतंय.

मग दोन लांब, दोन आखूड पट्ट्यांचा दुसरा सांगाडा केला. तोही ढकलून झाला. मग तिने वहीत तक्ता केला. वर आकारांची नावं, डावीकडे प्रश्न: चारही कोपरे काटकोन? समोरासमोरच्या बाजू सारख्या? कर्ण सारखे? चारही बाजू सारख्या? आणि एकेका चौकटीत बरोबरची खूण नाहीतर फुली. आयताचा रकाना भरला, चौरसाचा भरला, आणि ती थांबली. बराच वेळ पेन्सिल चावत होती.

"आयताला जिथे जिथे बरोबर आहे तिथे तिथे चौरसालाही बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि चौरसाला एक जास्तीचं आहे."

मी फक्त मान डोलावली. हेच वाक्य मी दिवाळीत तिच्या डोक्यात कोंबलं होतं, आज ते तिचं होतं.

"मग टीचर चुकल्या का?"

इथे मला खरंच विचार करावा लागला. म्हटलं, नाही. आयत म्हणजे "बाजू सारख्या नसलेला" असं धरलं तर त्यांचं बरोबर, युक्लिडनेही तसंच धरलं होतं. "सगळे काटकोन असलेला" एवढंच धरलं तर तुझं बरोबर, आणि मोठ्या वर्गांत तसंच धरतात, कारण पुढे ते जास्त कामाला येतं. चूक एवढीच की आयत कशाला म्हणायचं हे पेपरात आधी सांगितलं नव्हतं. आणि मीही तुला सांगितलं नव्हतं. मग भास्कराचार्यांच्या पिशाचाची गोष्ट सांगितली. अर्धवट प्रश्न विचारणारा पिशाच आणि त्याचं उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच.

तिला ती गोष्ट इतकी आवडली की संध्याकाळी निघेपर्यंत ती घरात सगळ्यांना पिशाच म्हणत फिरत होती. टीचरना लिहिलेला मेसेज मी गाडीत बसण्याआधी पुसून टाकला. ताईला मात्र आता वेगळीच काळजी आहे. सोमवारी ही शाळेत जाऊन नक्की काय बोलणार?

बुधवारी फोन आला. भाचीने तो तक्ता टीचरना दाखवला होता. मार्क वाढवून मिळाला नाही. पण टीचरनी तो फळ्यावर काढून अख्ख्या वर्गाकडून भरून घेतला, आणि शेवटच्या रकान्यात पतंग घातला. आता भाची विचारतेय की पतंगाच्या खाली कोण कोण येतं. मला विचार करायला शनिवारपर्यंत वेळ दिलाय.

तुम्हीही करून बघा. उत्तर सांगण्याआधी आपण पतंग कशाला म्हणतोय तेवढं ठरवा, नाहीतर पिशाच व्हाल :-)